पांढरं पडलेलं मोरचूद

"हा चुना आहे, साहेब. शुद्ध चुना. चाखून बघा हवं तर!"

बापूसाहेबांनी बिस्किटांचा रिकामा डबा माझ्या टेबलावर आपटला आणि झाकण काढलं. आत पांढुरकी पूड होती. मी ती चाखली नाही. समोर येईल ती पूड चाखायची, असं कृषी खात्याने ठरवलं असतं तर दर वर्षी नवी भरती करावी लागली असती.

"कुठून आणलीत?"

"सोसायटीच्या गोदामातनं. मोरचुदाच्या पोत्यातनं! पोतं सोडलं तर आत हे. मोरचूद विकलंन आणि चुना भरलान."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? गोदामाची किल्ली कोणाकडे असते? इब्राहिमकडे. सकाळीच मांडवीच्या धक्क्यावर गाठला त्याला आणि चार माणसांत तोंडावर चोर म्हणून सांगितलं. सोमवारी फौजदाराकडे देतो. तुम्ही फक्त लिहून द्या, हा चुना आहे म्हणून."

म्हणजे निकाल लागला होता, शिक्षा ठरली होती, धक्क्यावर दवंडीही पिटून झाली होती. राहिला होता तो तपास. आमच्याकडे तपास असाच शेवटी येतो, जेवणानंतरच्या सुपारीसारखा.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीत कृषी खात्यात पीक संरक्षणाच्या कामावर होतो. बापूसाहेब सुपारी बागायतदारांच्या सोसायटीचे चेअरमन. शिवाय मिठाची वखार त्यांची, काजूचा कारखाना त्यांचा, आणि गावात कोणाचं काय चुकलं हे सांगायचा मक्ताही त्यांचाच. इब्राहिमभाई सोसायटीच्या गोदामावर होता. उमेदीत मालवाहू गलबतावर तांडेल होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. गुडघा धरल्यावर समुद्र सोडला आणि गोदाम धरलं.

सुपारीवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग लागतो. कोवळी फळं सडून खाली पडतात आणि बागायतदार नुसता वर बघत बसतो. त्यावर औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. पाच पौंड मोरचूद, पाच पौंड कळीचा चुना, पन्नास गॅलन पाणी. पावसाच्या आधी हे घोसांवर फवारायचं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचं एक मीठ. खडे असे निळे, की बघणाऱ्याला हात लावावासा वाटतो. लावू नये, विषारी आहे. रत्नागिरीपासून गुहागरपर्यंतच्या बागांसाठी सोसायटी ते मुंबईहून बोटीने मागवायची. तेच मोरचूद आता पांढरं पडलं होतं आणि शंभर पौंडांचं पोतं काट्यावर सत्तरच्या आसपास भरत होतं.

मी उठलो, माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि बशीत चिमूटभर पूड टाकून वर चार थेंब सोडले. पूड निळी झाली. साधी नाही, मोरपंखी निळी.

बापूसाहेब खुर्चीतून पुढे झुकले. "रंग मिसळलान!"

"बापूसाहेब, चुना पाण्याने निळा होत नाही. होत असता तर आपल्याकडची चुन्याने रंगवलेली सगळी घरं पावसाळ्यात निळी दिसली असती."

"मग हे काय आहे?"

"मोरचूद."

"पांढरं?"

"त्यातलं पाणी गेलंय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझीही इब्राहिमभाईशी भागीदारी असावी. "साहेब, मी अडाणी नव्हे. पोत्यातलं मोरचूद कोरडं होतं. मुंबईहून कोरडं आलं. कोरड्यातनं पाणी कसं जाईल?"

प्रश्न चुकीचा नव्हता, हे मान्य करायला हवं. चेअरमन असूनही नव्हता. मोरचुदाचा खडा हाताला ठणठणीत कोरडा लागतो, पण त्याच्या शंभर भागांत छत्तीस भाग पाणी असतं. हे पाणी म्हणजे ओल नव्हे. खड्याच्या बांधणीतच ते अडकलेलं असतं, म्हणून त्याला स्फटिकजल म्हणतात. खोबरं हातात घेतलं तर ओलं लागत नाही, पण तेल त्यातच असतं ना? तसं. तापवलं की हे पाणी वाफ होऊन जातं. खडा मोडतो, निळा रंग जातो, वजन उतरतं. तांबं मात्र सगळं जागच्या जागी राहतं.

हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, कीर्तनात ऐकतात तसं. मग म्हणाले, "ते सगळं पुस्तकातलं झालं. वजन गेलं म्हणजे कोणीतरी नेलं."

एवढं बोलून ते गेले. डबा माझ्याकडेच राहिला.

मी सायकल काढली आणि मांडवीला गोदामावर गेलो. मोरचुदातलं पाणी गेलंय, यात मला शंका नव्हती. प्रश्न होता, गेलं कसं? आमच्या रत्नागिरीच्या हवेत दोरीवरचा पंचा दोन दिवस वाळत नाही, तिथे मोरचूद पोत्यात बसून आपोआप कसं वाळेल? त्याला चांगली आच लागते. उकळत्या पाण्याला लागते तेवढी, किंवा थोडी जास्तच. पोत्याला कोणीतरी शेकलं होतं.

इब्राहिमभाई गोदामाच्या पायरीवर बसला होता. एरवी मला पाहून उठायचा. आज उठला नाही.

"इब्राहिमभाई, मोरचुदाला काय केलंत?"

"ऊन दाखवलं."

"उन्हाने हे होत नाही."

"ऊन दाखवलं, साहेब."

"सोमवारी फौजदारासमोर हेच सांगणार?"

तो धक्क्याकडे बघत राहिला. धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं आमच्याकडे पाहत होती आणि पाहत नसल्याचं दाखवत होती. मांडवीत एकदा चोर ठरलेल्या माणसाला कोणी नावेवर घेत नाही, गोदामावर ठेवत नाही. हाक मारून चहाही देत नाही. इब्राहिमभाईला त्या दिवशी सकाळपासून कोणी चहा विचारला नव्हता. हे त्यानेच सांगितलं, आणि एवढंच सांगितलं.

मला राग आला. बापूसाहेबांचा आलाच होता, आता याचाही आला. हा माणूस निर्दोष आहे हे मला ठाऊक, त्याला ठाऊक, आणि हा तोंडात गुळणी धरून बसलेला. मी गोदामाला वळसा घातला. मागच्या भिंतीला लागून बापूसाहेबांच्या काजू कारखान्याची वाळवणीची खोली आहे. काजूगर तिथे लोखंडी पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरतात आणि खाली भट्टी पेटवतात, मग वरची साल सुटते. हंगाम संपून खोली बंद होती. मी खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. कोपऱ्यात रचलेले ट्रे लाल झाले होते. गंजाचा लाल नव्हे. नव्या घागरीचा लाल, तांब्याचा.

ओल्या मोरचुदाला लोखंड लागलं की लोखंडावर तांबं चढतं. म्हणूनच आम्ही शेतकऱ्यांना कानीकपाळी ओरडून सांगतो, बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नका. ते ऐकतात, मान हलवतात आणि घरी जाऊन लोखंडी पिंपातच कालवतात.

मी परत पायरीशी आलो. "बापूसाहेबांचे ट्रे लाल कसे झाले?"

इब्राहिमभाईने कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला. ते पाहिलंत?"

मग बांध फुटला. बोटीवरून धक्क्याला माल आणणाऱ्या मचव्यातून पोती उतरवताना समुद्राचं पाणी आत आलं आणि पोती भिजली. तांडेलकी केलेला माणूस, त्याच्या हातून माल भिजला! हे कोणाला कळलं तर काय तोंड दाखवायचं? आगोटीच्या दिवसांत आमच्याकडे घराघरात काय चालतं? पावसाआधी जे दिसेल ते वाळवायचं. कोकम वाळव, मासे वाळव, मिरच्या वाळव, भात वाळव. जे ओलं ते वाळवायचं आणि बंद करून ठेवायचं. इब्राहिमभाईने मोरचुदालाही तेच केलं. उन्हात वाळेना, म्हणून बापूसाहेबांच्या बंद खोलीत नेलं, ट्रेमध्ये पसरलं आणि खाली भट्टी घातली. न विचारता. काजूला लागते त्याच्या दुप्पट आच दिली, कारण माल सोसायटीचा आणि काळजी दुप्पट!

"लाकडं कोणाची?"

"बापूसाहेबांचीच."

"आणि हे तुम्ही सांगत का नाही?"

"साहेब, त्यांचे ट्रे खराब केले मी. बापूसाहेबांना तुम्ही ओळखत नाही काय? ट्रेचं कळलं तर जीव घेतील माझा."

चोरीचा आळ अंगावर, फौजदार दारात, आणि हा माणूस ट्रेला घाबरत होता! पण खरं सांगतो, बापूसाहेबांना ओळखणाऱ्या कोणालाही यात नवल वाटलं नसतं.

"उद्या मी हे कमिटीपुढे सांगणार," मी म्हटलं.

तो पायरीवरून उठला. "सांगा. चोर होण्यापेक्षा ट्रेवाला बरा."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात कमिटी बसली. मी हायस्कूलच्या सायन्स मास्तरांकडून रिटॉर्ट मागून आणला होता. रिटॉर्ट म्हणजे लांब वाकड्या चोचीचं काचेचं भांडं. पोटात तापवायचं आणि चोचीतून जे येईल ते बाटलीत धरायचं. वजनासाठी दामू सोनाराला काट्यासकट बोलावलं होतं. दामूवर गावात कोणाचाच विश्वास नव्हता, पण त्याच्या काट्यावर सगळ्यांचा होता.

कमिटीत नानावकील होते. नाना म्हणजे जन्मात हरकत न घेता जेवायला न बसलेला माणूस. त्यांनी आधी रिटॉर्टला हरकत घेतली, मग स्टोव्हला, मग इब्राहिमभाई दाराशी उभा आहे त्याला. मी त्या तिन्ही हरकतींवर मान डोलावली आणि काम सुरू केलं. सरकारी नोकरीत एवढं तरी शिकलो होतो.

दामूने दुकानातून विकत आणलेलं निळं मोरचूद पाच तोळे तोललं. रिटॉर्टमध्ये घातलं. स्टोव्ह फरफरला. थोड्या वेळात खडे कडेने फिके पडायला लागले आणि चोचीतून थेंब टपकू लागले. कमिटी खुर्च्या सोडून जवळ आली. बापूसाहेब तेवढे बसून होते, पण मान लांब करून.

"पाणीच हो!" एक सभासद म्हणाला.

"कोरड्यातनं," मी म्हटलं, आणि बापूसाहेबांकडे पाहिलं नाही.

सगळं पांढरं झाल्यावर भांडं गार केलं. दामूने पूड तोलली. सव्वातीन तोळे. बाटलीतलं पाणी तोललं. पावणेदोन तोळ्यांना दोन गुंजा कमी.

"बेरीज करा, नाना."

नानांनी बोटांवर केली, मग कागदावर केली. "पाच तोळ्यांना दोन गुंजा कमी. त्या दोन गुंजा कुठे आहेत?"

"वाफेबरोबर खिडकीतून गेल्या."

"पुरावा?"

"नाना, त्या दोन गुंजा मी घेतल्या. सोमवारी मलाही फौजदाराकडे न्या."

सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी पुढची हरकत काढली, आणि ती मात्र वकिलाला शोभणारी होती. "इथे तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेलं. पोत्यात तीस टक्केच घट आहे. हिशोब जुळत नाही."

"मोरचुदात पाण्याचे पाच वाटे असतात. चार भट्टीच्या आचेवर सुटतात. पाचवा चिवट. त्याला स्टोव्हची थेट आच लागते. खोताच्या जमिनीवरच्या कुळासारखा तो, सहजी उठत नाही."

कूळकायद्याचे दिवस होते आणि कमिटीत निम्मे खोत बसले होते. या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

मग मी बाटलीतलं तेच पाणी थेंब थेंब करून त्याच पुडीवर सोडलं. पूड चुरचुरली, तापली आणि पुन्हा निळी झाली. बापूसाहेबांनी उठून येऊन भांड्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. दामूने निळं झालेलं तोललं आणि जाहीर केलं, "पाचला दोन गुंजा कमी. मघा होतं तेवढंच."

"म्हणजे," मी म्हटलं, "काहीही नाहीसं होत नाही. इथलं गेलं की दुसरीकडे सापडतं. पोत्यातलं पाणी भट्टीच्या धुराड्यातून वर गेलं. तांबं पोत्यातच आहे. फवारणीला पाच पौंडांच्या जागी साडेतीन पौंड घ्या, सुपारीला फरक कळणार नाही. पाच घेतलेत तर मात्र पानं भाजतील."

"भट्टी?" बापूसाहेबांचे कान टवकारले. "कुठली भट्टी?"

मी इब्राहिमभाईकडे पाहिलं. तो पुढे आला आणि सगळं बोलला. पोती भिजली ते, खोली उघडली ते, लाकडं, ट्रे. बापूसाहेबांचा चेहरा रंग बदलत गेला, मोरचुदाच्या उलट क्रमाने. शंभरातले तीस पौंड गेले तेव्हा चोरी झाली होती. ट्रे लाल झाले तेव्हा अत्याचार झाला!

"माझे ट्रे! न विचारता! अरे, घासून तरी निघतील काय ते?"

"बापूसाहेब, ते ट्रे फेकून द्या," मी म्हटलं. "त्यांत काजू वाळवलात आणि लोकांना उलट्या झाल्या, तर फौजदार तुमच्याकडे येईल."

हे त्यांना पटलं. फौजदार स्वतःकडे येणार म्हटल्यावर त्यांना विज्ञान ताबडतोब पटायचं. त्यांनी थोडा विचार केला आणि चेहरा उजळला.

"म्हणजे साहेब, पोत्यात पाणी घातलं की वजन परत भरेल?"

"भरेल."

"आणि वर आणखी थोडं घातलं तर आणखी भरेल?"

मी हात जोडले. मनात नाही, खरोखरचे जोडले. "मोरचुदाला नाही जमत ते. पाच वाटे घेतले की ते थांबतं. बाकीचं पाणी नुसतं पाण्यासारखं गळतं. ते मिठाला जमतं. तुम्ही वखारीत मीठ कधी भरता?"

"आगोटीला."

"विकता कधी?"

"श्रावणभर. का?"

"पावसाळी हवेत मीठ ओल धरतं. ती बांधलेली नव्हे, नुसती चिकटलेली. भरताना तोलता त्याहून श्रावणात वजन जास्त भरतं. त्या वाढलेल्याला तुम्ही काय म्हणता?"

दामू सोनार काटा आवरत होता. मान वर न करता म्हणाला, "बरकत."

नानांनी या एका गोष्टीला हरकत घेतली नाही.

"बरं, गैरसमज झाला," बापूसाहेब उठत म्हणाले. "चोरी झालेली नाही. विषय संपला. जा, इब्राहिम, कामावर जा."

इब्राहिमभाई हलला नाही. "धक्क्यावर बोललात, बापूसाहेब."

"काय?"

"मला चोर बोललात ते धक्क्यावर. इथे नाही. इथे कोण आहे मांडवीचं?"

"अरे, तोंडातनं गेला एखादा शब्द. उडाला वाऱ्यावर!"

"उडालेलं पाणी साहेबांनी बाटलीत धरलं, आत्ता सगळ्यांसमोर," इब्राहिमभाई म्हणाला. आवाज चढवला नाही. "माझ्या घरातली दोन दिवस पाण्याला बाहेर पडली नाही. तुमचा शब्द तिथेच आहे, धक्क्यावर. तिथनं उचला."

मला वाटलं, आता बापूसाहेब भडकणार. पण नाना मध्येच बोलले. "बापू, बदनामीचा दावा लागू शकतो. चार साक्षीदार आहेत." नानांच्या हरकतींचा जन्मात एकदा कोणाला उपयोग झाला, तो त्या दिवशी.

संध्याकाळी बापूसाहेब मांडवीला आले. आम्ही मागे होतोच, असा प्रसंग कोण सोडतो? नावा नुकत्याच लागल्या होत्या, धक्का भरलेला होता. बापूसाहेबांनी घसा खाकरला आणि त्यांना जमेल तितक्या कमी शब्दांत म्हणाले, "इब्राहिमने चोरी केली नाही. मोरचुदातलं पाणी उडालं, म्हणून वजन घटलं. मी बोललो ते चुकीचं बोललो."

एवढं म्हणून ते वळले. पण टोपलीवर बसलेली हलिमाबी, तीस वर्षं मासे खारवणारी आणि बापूसाहेबांच्याच वखारीतनं मीठ नेणारी बाई, तिने हाक मारली. "बापूसाब, मोरचुदातलं पाणी उडतं तर तुमच्या मिठातलं का उडत नाय? श्रावणात नेते तेव्हा टोपलीतनं गळत असतं!"

धक्का हसला तो अजून माझ्या कानात आहे. हे तिला कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. दामू सोनाराचा काटा पक्का होता, तोंड नव्हतं.

गुहागरच्या बागांत फवारणी वेळेवर झाली. साडेतीन पौंडांच्या मापाने झाली आणि सुपारी राहिली. इब्राहिमभाई गोदामावर राहिला. पुढच्या पावसाळ्यात मांडवीच्या बायकांनी वखारीत एक नवी पद्धत पाडली. मीठ घेताना इब्राहिमभाईला बोलवायचं. तो आधी टोपली उचलून मिठातलं पाणी निथळू द्यायचा, आणि मगच काट्यावर ठेवायला सांगायचा. बापूसाहेब शेजारी उभे राहून आभाळाकडे बघायचे.

नोकरीत मी पुढे बरीच पोती पाहिली, बरीच वजनं तोलली. त्यातून शिकलो ते एवढंच. वजन घटलं की दुसऱ्या दिवशी चोर सापडतो. वजन वाढलं तर चोर शोधायला कोणी घराबाहेर पडत नाही.